अक्काचा राखणदार

अक्का बाहेरून आली की चपला काढायच्या आधी कॉम्प्युटरकडे बघायची. आमच्या तोंडाकडे नाही, पडद्यावर काय चाललंय तिकडेही नाही. थेट उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी. तिथे नखाएवढी एक ढाल असायची. ढाल दिसली की अक्का 'हं' म्हणायची, पिशवी खाली ठेवायची आणि पाणी मागायची. ढाल दिसली नाही तर मात्र पाणी राहायचं बाजूला आणि आमची खैर नसायची.

ती ढाल म्हणजे व्हायरस अडवणारा प्रोग्राम. क्लासचे सर त्याला अँटिव्हायरस म्हणत. अक्का त्याला राखणदार म्हणायची, केळीच्या बागेवर ठेवतात तसा. फ्लॉपी आत घातली की हा राखणदार आधी ती तपासणार, मगच पुढचं काम होऊ देणार. आम्हा मुलांना तो अजिबात आवडत नसे. तो चालू असला की मशीन हळू चालायचं आणि मित्रांकडून आणलेले खेळ अडकायचे. म्हणून आम्ही तो बंद करायचो. अक्का तो पुन्हा चालू करायची. हे युद्ध आमच्या घरात दोन वर्षं चाललं.

अक्काबद्दल लिहू नये असं आमच्या भाऊबंदांतल्या काही जणांचं मत आहे. सासर सोडून आलेल्या बाईचं काय एवढं कौतुक, असं एकाने मला फोनवर विचारलंसुद्धा. त्यांना काय वाटायचं ते वाटो. मी लिहिणार आहे, आणि काही न वगळता लिहिणार आहे.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना सगळं घर 'भाऊ' म्हणायचं, आम्ही मुलंसुद्धा. आणि भाऊ तिला अक्का म्हणत, म्हणून ती आमची आत्या न होता अक्काच झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी एका दुपारी ती धुळ्याच्या बसमधून उतरली आणि जळगावात मेहरूणला आमच्या घरी आली, ती परत गेली नाही. का आली ते तिने कधी सांगितलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "येवानं व्हतं, म्हनीसन उनू." यायचं होतं म्हणून आले, एवढंच. विचारणारा मग आपणच विषय बदलायचा.

कॉम्प्युटर खरं तर माझ्या मोठ्या भावासाठी, दादासाठी आला. भाऊंनी तो सुटे भाग जोडून करून घेतला आणि पुढच्या खोलीत ठेवला. दादा त्याच्यावर अभ्यास करील अशी त्यांची समजूत होती. दादा त्याच्यावर विमानं पाडत बसायचा. अभ्यास केला तो अक्काने. चाळिशी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून कॉलेजच्या पोरांच्या शेजारी क्लासला बसली आणि तीन महिन्यांत मराठी टायपिंग आणि लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवायचं काम शिकली. क्लासमध्येही ती अहिराणीच बोलायची. पोरं हसली की म्हणायची, "मशीनले समजस, मंग तुमले काबर समजत नही?"

आमच्याकडच्या लग्नपत्रिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. वधूवरांची नावं एका कोपऱ्यात मावतात. बाकी सगळी पत्रिका भाऊबंदांची. निमंत्रक, विनीत, मामे, व्याही, जावई. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोण कोणाच्या शेजारी चालेल आणि कोण मेला तरी चालणार नाही, हे सगळं अक्काला ठाऊक असायचं. एखादं नाव खाली गेलं म्हणून मांडवात न आलेली घरं तिला तोंडपाठ होती. म्हणूनच एरंडोल-धरणगावकडची माणसं छापखान्यात जायच्या आधी तिच्याकडे यायची. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. माझं काम प्रुफं वाचून दाखवायचं. शेजारी बसून बसून मलाही तिच्या मराठी कळा पाठ झाल्या. कुठलं बोट कुठे पडलं की कुठलं अक्षर उमटतं, हे न बघता यायला लागलं.

भाऊंना हा उद्योग पसंत नव्हता. भाऊ वाईट नव्हते, कंटाळले होते. दर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला धुळ्याहून सासरचा निरोप यायचा, 'बाईला पाठवा, झालं गेलं विसरू.' समाजाच्या बैठकीत चार माणसं भाऊंनाच टोचायची. शेवटी त्यांनी एक अट घातली. "अक्का, काम कर. पन एक जरी तक्रार दारमा उनी, तर हाई बंद. आनि धुयाना निरोपले मी मंग नही म्हनाव नही." अक्का जेवत होती. तिने मान वर न करता "बरं" म्हटलं आणि भाकरी मोडली. त्या दिवसापासून पत्रिकेतली प्रत्येक ओळ तिच्यासाठी राहण्याचा प्रश्न झाली. चुकली की धुळे.

आता कळतं की राखणदारासाठी ती एवढी का भांडायची. तिची फ्लॉपी चार छापखान्यांत फिरून यायची, कुठून काय लागून येईल याचा नेम नव्हता. सरांनी तिला बजावलं होतं की एखादा व्हायरस शिरला तर सगळी नावं पुसून टाकील. आम्हाला तेव्हा एवढंच कळायचं की राखणदार आडवा येतो. दादाने एकदा तोंडावर सांगितलं, "अक्का, तो नुसता आडा येस." अक्का म्हणाली, "तो तुमले आडा येस, म्हनीसनच तो कामना शे."

तिने उपायही काही कमी केले नाहीत. आधी समजावलं. मग ती बाजारात जाताना कीबोर्डच काढून पिशवीत घालून न्यायला लागली; भाजीवाल्यासमोर कोथिंबिरीखालून वायर लोंबकळायची. मग सरांनी तिला राखणदाराला पासवर्ड लावायला शिकवलं. तो असल्याशिवाय ढाल हटत नसे. अक्का पासवर्ड टाकताना कीबोर्डवर पदर पसरायची. दादाने डोकं लढवलं, घरातल्या सगळ्यांची नावं घालून पाहिली, देवांची घातली, गावांची घातली. काही लागू पडेना. पडणार कशी? अक्काला इंग्रजी टायपिंग येतच नव्हतं. तिने मनात एक मराठी शब्द धरून मराठीची बोटं चालवली होती, आणि पडद्यामागे उमटत होती ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची भेळ. ती भेळ दादाला सात जन्मांत सुचली नसती. "मशीन बठ्ठासनं शे," अक्का त्याला म्हणाली, "पन राखनदार मना शे." म्हणजे मशीन सगळ्यांचं, राखणदार तिचा.

एक दिवस पदर घसरला. मी पाणी घेऊन उभी होते आणि माझ्यासमोर तिची बोटं चालली. मला अक्षरं दिसायची गरजच नव्हती. बोटं वाचता येत होती. मी कोणाला काही बोलले नाही. दादालाही नाही. मैत्रिणीने गाड्यांच्या शर्यतीची फ्लॉपी दिली होती. अक्का छापखान्यात गेली की मी ढाल हटवायची, शर्यत खेळायची आणि ती यायच्या आत ढाल पुन्हा लावायची. कोपऱ्यात ढाल दिसली की अक्का 'हं' म्हणायची. मला वाटायचं, मी फार हुशार आहे.

त्याच दिवसांत रामदास नाना आले. एरंडोलच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरी. त्यांच्या मुलीची पत्रिका अक्काकडे होती. पहिलं प्रुफ आठ दिवसांपूर्वीच त्यांनी तपासून दिलं होतं, ते भिंतीवरच्या अक्काच्या खिळ्याला अडकवलेलं होतं. पण आज नाना पुन्हा आले ते हसतच. बांधावरून बारा वर्षं न बोललेला त्यांचा थोरला भाऊ, भिकन आबा, आदल्या रात्री घरी आला होता. पुतणीच्या लग्नात उभा राहीन म्हणाला होता. अक्काने लगेच पडद्यावर निमंत्रकांत पहिलं नाव भिकन आबांचं घातलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. नानांनी खुर्चीतून पुढे वाकून पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही. नवं प्रुफ काढायची गरजच कोणाला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उठलंच नाही. काळा पडदा, वर पांढरी एक ओळ. सरांनी येऊन पाहिलं आणि मान हलवली. ठरलेल्या तारखेपर्यंत गप्प बसून मग सगळं पुसणारा व्हायरस होता, आणि तो निघाला गाड्यांच्या शर्यतीच्या फ्लॉपीत. राखणदार जागा असता तर त्याने ती दारातच अडवली असती. अक्काने आम्हा दोघांना समोर उभं केलं. "राखनदार कोनी बंद कया?" दादा म्हणाला, मी नाही. मीही म्हणाले, मी नाही. भाऊंनी कोणाला काही न विचारता दादाच्या कानशिलात लगावली, कारण खोड्या त्याच्या नावावर होत्या. मी गप्प उभी राहिले. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

पत्रिका त्याच संध्याकाळी छापायला द्यायची होती. अक्का खिळ्याचं प्रुफ घेऊन क्लासला गेली आणि सरांच्या मशीनवर पुन्हा पहिल्यापासून सगळी नावं जुळवायला बसली. मी सोबत जायला हवं होतं, वाचायचं काम माझं होतं. मी डोकं दुखतंय म्हणून अंथरुणात तोंड लपवून पडले. खिळ्याचं प्रुफ पहिलं होतं. त्यात भिकन आबा नव्हते. एकटीने, घाईत, अक्काने कागदावर होतं तेवढंच घेतलं.

आमच्याकडे छापून आलेली पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसरी भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्याच्या हातात देतात. दुसरी पत्रिका भिकन आबांनी उघडली. त्यांनी ती घडी करून परत दिली आणि आत जाऊन दार लावलं. बाकीच्या पत्रिका घेऊन घरची पोरं तेव्हाच निघाली होती, त्या गावभर वाटून झाल्या. त्याच दिवशी रामदास नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. ओरडले नाहीत. "अक्का," ते म्हणाले, "मना भाऊ आते येवाव नही. त्याले वाटस, मी मुद्दाम कयं." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

भाऊ दारात उभे होते. नाना गेल्यावर ते म्हणाले, "अक्का, मी पहिलेच सांगेल व्हतं." अक्का म्हणाली, "लगीन लागू दे. मंग बोल." भाऊ म्हणाले, आता लागायचं काय राहिलंय? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला वेणी घालायला सांगितली आणि एरंडोलच्या बसमध्ये बसवलं. का, ते सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर मला एक साधी गोष्ट सुचली. पासवर्ड मराठी बोटांचा होता, आणि आमच्या घरात मराठी कळा येणारी माणसं दोनच होती. अक्काला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

भिकन आबा ओट्यावर बाजेवर बसले होते. अक्काने पदर डोक्यावर घेतला, उभ्याउभ्याच सांगितलं. "आबा, तुमना भाऊनी काही कयं नही. चुकी मनी शे." आबा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "तुले रामदासनी पढाईसन धाडेल शे," ते म्हणाले. "आनि नवरानं घर सोडेल बाई माले भाऊबंदकी शिकाडस?" गल्लीतली दोनचार माणसं थांबून ऐकत होती. मला वाटलं, अक्का आता रडेल किंवा परत फिरेल. ती एक पाऊल पुढे गेली. "घर मी सोडं," ती म्हणाली. "खोटं बोलीसन सोडं नही. आते बी बोलत नही."

आबांना पटलेलं दिसेना. अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पाहिलं असतं तर कदाचित माझी जीभ उचलली नसती. मीच म्हणाले, "राखणदार मी बंद केला होता. म्हणून मशीनमधली सगळी नावं पुसली गेली. तुमचं नाव पहिलं होतं. मीच वाचून दाखवलं होतं." आबांनी विचारलं, "काबर बंद कया?" मी म्हणाले, "गाड्यांचा खेळ अडकत होता." आबा माझ्याकडे बघतच राहिले. "मनं नाव," ते सावकाश म्हणाले, "गाडीना खेळमा ग्यं?" मी मान डोलावली. मग ते अक्काकडे वळले. "इतलं येडं कारन रामदासले सुचाव नही." आणि मला पाणी द्यायला आत हाक मारली.

पण पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले की मला पटलं, पण गावाने तर बिननावाचीच पत्रिका वाचली. ते खरंच होतं. अक्काने पिशवीतून काळं पेन काढून माझ्या हातात दिलं. मग आम्ही दोघी गावात निघालो. प्रत्येक दारात अक्का पत्रिका मागायची, मी उंबऱ्यावर बसून निमंत्रकांत सगळ्यात वर, माझ्या शाळकरी अक्षरात, भिकन आबांचं नाव लिहायची. प्रत्येक घरी विचारत, हे काय? प्रत्येक घरी मला सांगावं लागे. दहाव्या घरापर्यंत गोष्ट आमच्या पुढे पोचली होती, बाया पत्रिका हातात घेऊनच उभ्या असत आणि म्हणत, "हाईच का ती गाडीवाली पोर?" वैशाखाचं ऊन होतं. माझ्या पायाला फोड आले. अक्काने 'थांबू या' असं एकदाही म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिने फक्त एवढंच विचारलं, "घरमा बी सांगशी का?" परक्या गावात सांगणं सोपं गेलं होतं, घरात दादाच्या गालाचा प्रश्न होता. मी जेवणाच्या पाटावर सगळ्यांसमोर सांगितलं. दादाने ताटातली भाकरी तशीच ठेवली. भाऊ उठले, हात उगारला, आणि अक्का मधे उभी राहिली. "पोरीले हात लावानं काम नही. तुले जे बोलनं शे, ते माले बोल." भाऊ म्हणाले, मग मशीन विकतो, पोरंही सुटली आणि पत्रिकाही. अक्का म्हणाली, मशीन विकायचं नाही, आणि मुलांना त्यावर बसायची बंदीही करायची नाही.

मग तिने जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. नीट झालेलं मशीन घरी आलं, राखणदार पुन्हा बसवला, आणि अक्काने पदर पसरण्याऐवजी खुर्ची सोडून तिथे मला बसवलं. "पासवर्ड तू ठेव," ती म्हणाली आणि पाठ करून खिडकीशी उभी राहिली. "माले बी सांगू नको." भाऊ म्हणाले, जिने बंद केला तिच्याच हातात? अक्का तशीच पाठमोरी म्हणाली, "तिले आते मालूम शे, तो बंद कया म्हनजे कोनता गावले पायपाय फिरनं पडस." त्यानंतर मी जळगाव सोडेपर्यंत राखणदाराचं काहीही करायचं असलं की अक्काला मला विचारावं लागे. घरातल्या सगळ्यांत मोठी बाई तेरा वर्षांच्या मुलीला विचारायची, आणि त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. ढाल त्या दिवसापासून एकदाही हटली नाही. दादाने मला गयावया केली, लाच दिली, धमकी दिली. मी नाही म्हणाले.

रामदास नानांच्या मांडवात भिकन आबा पहिल्या रांगेत उभे होते. भाऊही गेले होते. त्यांनी परत आल्यावर धुळ्याचा विषय काढला नाही, आणि पुढच्या आखाजीला निरोप घेऊन आलेल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. अक्का आमच्याकडेच राहिली, पत्रिका जुळवत, पुढची पुष्कळ वर्षं.

ती गेली तेव्हा तिच्या गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची, पत्रिका जुळवायला मीच बसले. धुळ्याहून माणूस आला होता. म्हणाला, नाव आमच्या आडनावाने छापा, कागदोपत्री ती आमचीच. आमच्यातले दोघं तिघं त्याला दुजोरा देत होते. गेलेल्या माणसावरून वाद कशाला, लोकांत शोभा नको. मी अक्काचं नाव लिहिलं, मधे आजोबांचं लिहिलं आणि पुढे आमचं आडनाव. मागे खुर्चीत भाऊ बसले होते. आता त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून मी ओळ मोठ्याने वाचली. भाऊ म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचली. "बरोबर शे," ते म्हणाले. "छाप."

धुळ्याहून कोणी आलं नाही. आमच्या भाऊबंदांतलीही दोन घरं आली नाहीत. त्यांची नावं पत्रिकेत होती, मानाच्या जागी होती, तरी आली नाहीत. लोक म्हणाले, जाऊन समजूत काढ, एक शब्द बदलून दे. मी कोणाच्याही दारात पेन घेऊन गेले नाही.